शेषेरावच्या हातचं पाणी

१४ जानेवारी १९८३, लातूर

वही लिहिणं हा माझा छंद नव्हे. दिवसभर ऑफिसात लिहितोच, घरी येऊन पुन्हा कोण लेखणी धरणार? पण नांदेडच्या डॉक्टरांनी सांगितलं की रोजची नोंद ठेवा. औषध लावलं का, ऊन किती मिनिटं दिलं, डाग वाढला की थांबला. म्हणून ही वही. कुणाच्या हाती लागली तर काय, म्हणून वर नाव घातलेलं नाही.

काल नांदेडला गेलो होतो. घरी आणि ऑफिसात सांगितलं की विष्णुपुरीच्या धरणाच्या कचेरीत कागद पोचवायचे आहेत. लातुरातही चामडीचा डॉक्टर आहे, पण त्याच्या दारातल्या बाकावर बसलेला माणूस गंजगोलाईच्या अख्ख्या बाजाराला दिसतो.

डॉक्टर म्हणाले, "घड्याळ काढा." डाव्या मनगटावर, पट्ट्याच्या खाली, तुरीच्या दाण्याएवढं पांढरं. त्यांनी भिंग लावून पाहिलं आणि मोठ्यानं म्हणाले, "हे कोड आहे." दार उघडं होतं. मी आधी उठून दार लोटून आलो.

ते हसले. म्हणाले, "महारोगाशी याचा काही संबंध नाही. कुणाला लागत नाही, जिवाला धोका नाही. त्रास होतो तो बघणाऱ्याच्या डोळ्यांना." एक लोशन दिलं. ते लावून सकाळचं ऊन घ्यायचं, दोन मिनिटांपासून सुरुवात. बाकी वेळ डाग झाकून ठेवायचा, कारण उन्हानं तो भाजतो.

बघणाऱ्याच्या डोळ्यांना! डॉक्टरांना मुलगी नसावी.

माझी महानंदा यंदा बी.ए.ला आहे. उदगीरच्या चन्नबसप्पांकडून मुलासाठी विचारणा आली आहे. आडत्याचं घर, खानदानी माणसं. गेल्या पंधरा ऑगस्टला उस्मानाबाद तोडून लातूर जिल्हा झाला आणि मला अव्वल कारकुनाची जागा मिळाली. सगळं जुळून येत होतं. अशा वेळेला हे.

बायकोला, रुद्राणीलाही, सांगितलेलं नाही. बायकांच्या पोटात राहत नाही.

१७ जानेवारी

लोशन लावलं. ऊन दोन मिनिटं. फरक नाही.

३ फेब्रुवारी

ऊन चार मिनिटं. डाग तेवढाच, की थोडा मोठा? रोज बघितलं की कळत नाही.

ऑफिसचं थोडं लिहितो. जिल्हा नवा, इमारत भाड्याची, माणसं चहूकडून गोळा केलेली. कुणी बीडचं, कुणी औरंगाबादचं, कुणी नांदेडचं. आमची टंचाई शाखा. कुठल्या गावाला टँकर द्यायचा, कुठली विहीर ताब्यात घ्यायची, हे आमच्याकडून ठरतं. आणि आमच्याच ऑफिसला पाणी दिवसाआड. टँकर आला की शिपाई शेषेराव दोन रांजण भरतो आणि दिवसभर टेबलाटेबलावर नेऊन देतो.

शेषेरावला वीस वर्षांपासून कोड आहे. दोन्ही हात कोपरापर्यंत पांढरे, ओठही. उस्मानाबादेत आम्ही एकाच कचेरीत होतो. नऊ वर्षं त्याच्याच हातचं पाणी प्यालो, कधी मनात काही आलं नाही. इथं मात्र नव्या लोकांनी पहिल्या आठवड्यातच घरून फिरकीचे तांबे आणायला सुरुवात केली. आधी टंकलेखक अवधूतनं आणला, मग दोघांनी, आता खिडकीत ओळीनं सात तांबे असतात.

आजपासून मीही नेतो. माझ्या मनात काही नाही. सगळे आणतात, एकट्यानं वेगळं कशाला दिसायचं?

शेषेराव नेहमीसारखा अकराला पेला घेऊन माझ्या टेबलाशी आला. तांब्या बघितला. थोडा थांबला आणि पेला घेऊन परत गेला.

११ फेब्रुवारी

महाशिवरात्र. सिद्धेश्वराच्या यात्रेला तिघं जाऊन आलो. पूर्ण बाह्यांचा सदरा घातला होता, घामानं चिंब झालो. रुद्राणी म्हणाली, "अवो, उन्हाच्या बाजूनं नका चालू, इकडून या." एवढ्या गर्दीत तिला सावली कशी सुचते कोण जाणे.

दुसरं एक. आठ दिवसांपासून आमटीत चिंच नाही, ताटात दही नाही. लोणचं मागितलं तर बरणी रिकामी झाली म्हणते. डॉक्टरांनी पथ्य काही सांगितलं नव्हतं. आंबट खाल्लं की कोड वाढतं म्हणतात ते जुन्या बायकांचं. पण जेवण अगदी मिळमिळीत लागतं. दुष्काळ पाण्याचा आहे, चिंचेचा नाही, असं बोललोही तिला. ती भाकरी वाढून आत गेली.

२४ फेब्रुवारी

आज जे झालं त्यानं डोकं ठिकाणावर नाही.

दुपारी फायलींच्या खोलीत एकटाच होतो. घड्याळ काढून मनगट पुसत होतो. डाग आता सुपारीएवढा आहे आणि बोटांच्या बेचक्यात दुसरा उमटला आहे. शेषेराव कधी दारात येऊन उभा राहिला कळलं नाही.

म्हणाला, "भाऊसाहेब, पट्टा सैल बांधत जावा. चामड्याखाली घाम धरला की लई पसरतंय."

मी म्हणालो, "काय बोलतोस? उष्णतेचं आहे हे."

"हाव, उष्णतेचंच," तो म्हणाला. "माझंबी उष्णतेनंच सुरू झालं. दुपारचं ऊन मातर देऊ नका. सकाळचं कवळं द्या. मी येड्यावानी भर दुपारी बसलो, भाजून निघालो." मग आवाज खाली करून म्हणाला, "फिकीर करू नका. मी कुणाला बोलत न्हाई."

हे शेवटचं मला आवडलं नाही. बोलत नाही म्हणजे काय? बोलू शकतो, असंच ना? वीस वर्षं ज्याचं सगळ्यांनी बघितलं, त्याला दुसऱ्याचं झाकून ठेवण्यात काय गोडी असणार? माणूस आहे. आज बोलणार नाही, उद्या कुणी चहा पाजला की बोलेल.

२ मार्च

अवधूतनं अर्ज तयार केला आहे. शेषेरावला पाण्याच्या कामावरून काढावं. खाली अकरा सह्या. माझ्यापुढं कागद ठेवून म्हणाला, "भाऊसाहेब, तुम्ही सगळ्यात जुने. तुमची सही वर पाहिजे. म्हणून वरची जागा मोकळी सोडलीय."

मी म्हणालो, "राहू दे, उद्या बघू. माणूस कामाला चांगला आहे."

"कामाला कोण नाव ठेवतं? पण त्याचा तुम्हाला एवढा पुळका कशाचा? नातं लागतं का काही?"

सगळे हसले. हसता हसता चार-पाच जणांनी माझ्या हाताकडं बघितलं. का मलाच तसं वाटलं? डावा हात खिशात होता. उजव्यानं सही केली.

माझ्या एका सहीनं काय होतं? अकरा तर होत्याच.

४ मार्च

नायब तहसीलदार पाठक रावसाहेबांनी बोलावलं. सज्जन माणूस. अर्ज टेबलावर पडलेला होता, त्याला हात न लावता म्हणाले, "हालकुडे, मला व्यक्तिशः असलं काही वाटत नाही हो. पण ऑफिस चालवायचंय. बारा जण एका बाजूला. तुम्ही अशी टिपणी लिहा की कुणाच्या दुखण्याचा उल्लेख यायला नको, आणि कामही व्हावं."

जेवणाच्या सुटीत बसून लिहिली. "टंचाई परिस्थितीचे गांभीर्य लक्षात घेता, औसा रस्त्यावरील अधिग्रहित विहिरीवर टँकर भरण्याचे कामी अनुभवी व विश्वासू शिपायाची नितांत आवश्यकता असून, श्री. शेषेराव यांचा पाणीवाटपातील दीर्घ अनुभव विचारात घेता…" कोड हा शब्द कुठंही नाही. वाचणाऱ्याला बढतीच वाटेल. रावसाहेब म्हणाले, "वा! तुमच्या टिपणीला जोड नाही."

तो लांब गेला म्हणजे बरंच. त्याच्यासाठीही बरं, रोज रोज ते तांबे बघायला नकोत.

विहिरीवर सावली नाही, हे मला माहीत आहे. अधिग्रहणाचा पंचनामा मीच लिहिला होता, त्यात 'झाडे: निरंक' असं आहे. पण एखादं झाड असेलही. पंचनाम्यात बाभळी कुणी धरत नाही.

आज ऊन सहा मिनिटं दिलं. घाई झाली बहुतेक. मनगटावर फोड आला आहे आणि दिवसभर हात ठणकतो आहे. सहा मिनिटांत एवढं.

७ मार्च

हुकूम शेषेरावच्या हातात मीच दिला. त्याला लिहिता-वाचता येतं, तरी म्हणाला, "तुम्हीच वाचा." वाचून दाखवला.

"म्हंजे पाण्यापाशीच ठिवलं म्हणा," तो म्हणाला. मग विचारलं, "तिथं सावली हाय का वो, भाऊसाहेब?"

मी म्हणालो, "असेल. छत्री ठेव जवळ."

त्याला काही विचारायचं होतं असं वाटलं. पण त्यानं कागद घडी करून टोपीत ठेवला, दोन्ही रांजण घासून भरले आणि गेला.

नवा शिपाई पाणी देतो. तांबे मात्र खिडकीतून हलले नाहीत. रांजणातलं पाणी कुणी पीत नाही. शेषेरावनं भरलेले रांजण आहेत म्हणे. तीनदा घासून घेतले तरी तेच.

२० मार्च

ऊन तीन मिनिटं. डाग पाच.

१४ एप्रिल

पाडवा. उदगीरहून चन्नबसप्पा, त्यांच्या पत्नी नीलाबाई आणि मुलगा सिद्धेश्वर आले होते. मुलगा तिथल्या कॉलेजात शिकवतो. बोलायला सरळ. महानंदाला त्यानं विचारलं, "तुम्हाला पुढं शिकायचंय का?" ती हो म्हणाली. मला वाटलं, झालं, फिसकटलं. पण तो म्हणाला, "मग उदगीरहून करता येईल."

मी सगळा वेळ डाव्या हातात रुमाल धरून बसलो. मनगटाला कात उगाळून लावला होता. कातड्याच्या रंगाशी बऱ्यापैकी जुळतो, हे मी स्वतःच शोधलं.

नीलाबाई स्वयंपाकघरात रुद्राणीजवळ पाऊण तास बसल्या होत्या. बाहेर आल्या तेव्हा दोघींचेही डोळे ओले होते. बायकांचं काय, कांद्याच्या गोष्टीवरही रडतात. जाताना चन्नबसप्पांनी माझा हात दोन्ही हातांत धरला, नेमका डावाच. म्हणाले, "भाऊसाहेब, आमच्याकडून पक्कं समजा. माणसं चांगली पाहिजेत, बाकी काय असतंय?"

त्यांना काहीच कळलं नाही. काताचा गुण.

महानंदा हल्ली आरशासमोर फार वेळ असते. दंड, कोपर, मानेची मागची बाजू उलटसुलट वळून बघते. लग्नाचं वय, नटण्याची हौस असणारच.

२६ एप्रिल

ओठाच्या डाव्या कोपऱ्यात उमटलं.

पुन्हा नांदेडला जाण्यात अर्थ नाही. दाढी वाढवायचं ठरवलं. विचारणाऱ्यांना सांगितलं की पाऊस पडेपर्यंत नवस आहे. ऑफिसात सगळ्यांना फार कौतुक वाटलं. अवधूतनं तर हात जोडले. म्हणाला, "भाऊसाहेब, गावासाठी एवढं कोण करतं आजकाल?"

२ मे

रावसाहेबांबरोबर जीपनं औसा रस्त्याच्या विहिरीवर गेलो. बाभूळसुद्धा नाही. मुरमाचा उघडा माळ, मध्ये विहीर आणि इंजिन. शेषेराव डोक्यावर ओलं पोतं घेऊन टँकरच्या तोंडात पाइप धरून उभा होता. छत्री होती, पण पाइपला दोन्ही हात लागतात.

त्याचे हात लाल झाले होते. काही फोड फुटलेले, त्यावर फडकं गुंडाळलं होतं आणि फडकं पाण्यानं भिजलेलं.

रावसाहेब म्हणाले, "हालकुडे, हा बरा दिसत नाही हो."

मी जीपमधूनच म्हणालो, "टँकर मात्र वेळेवर निघताहेत, रावसाहेब."

त्याला आठ दिवसांची सुटी देता आली असती. पण मग त्याच्या जागी कोण, हा प्रश्न निघाला असता. मग मूळ टिपणी निघाली असती, आणि याला पाण्यावरून का हलवलं, कुणी हलवलं, सगळंच निघालं असतं.

जीप वळत असताना शेषेराव जवळ आला. माझ्या दाढीकडं एक क्षण बघितलं. त्याला कळलं. म्हणाला, "भाऊसाहेब, पुढं बसू नका, काचंतून ऊन लागतंय. मागं बसा."

मी पुढंच बसलो.

१५ मे

बसवजयंती. यंदा समाजाच्या कार्यक्रमात मला बोलायला लावलं. वीस मिनिटं बोललो. माणूस जन्मानं मोठा नाही, रूपानं मोठा नाही, कामानं मोठा. श्रम करणारा हात हाच पवित्र हात. टाळ्या चांगल्या पडल्या. दोघं-तिघं म्हणाले की डोळ्यांत पाणी आलं.

महानंदा मध्येच उठून घरी गेली. डोकं दुखत होतं म्हणे.

२२ मे

आज तारीख धरायला चन्नबसप्पा आणि सिद्धेश्वर आले होते. बाहेर बेचाळीस-त्रेचाळीस तरी ऊन असेल. बैठकीत आम्ही पंचांग उघडून बसलो होतो. दारात एक बाई येऊन उभी राहिली. डोक्यावर पदर, पायात काही नाही.

"संगप्पा भाऊसाहेबांचं घर हेच का वो?"

मी म्हणालो, "काय काम आहे?"

"मी केवळाबाई. शेषेरावची मालकीण. त्यायला तीन दिस झालं सरकारी दवाखान्यात ठिवलंय. हात पिकलं, ताप उतरंना. सुटीचा अर्ज पाहिजे म्हणत्यात, न्हाई तर गैरहजरी लागंल. ते म्हणले, संगप्पा भाऊसाहेबाकडं जा, दुसऱ्या कुणाकडं जाऊ नको. त्यायला आपलं दुखणं ठावं हाय, ते समजून घेतील."

आपलं दुखणं! भर बैठकीत!

चन्नबसप्पा माझ्याकडं बघत होते. सिद्धेश्वरही. मी म्हणालो, "कोण शेषेराव? ऑफिसची कामं घरी आणायची नाहीत. ज्यानं कुणी पाठवलं असेल त्याला सांग, माझा त्याच्याशी काही संबंध नाही."

ती गोंधळली. "अवो, नऊ वर्सं एका कचेरीत…"

"जा म्हणतो ना!" माझा आवाज चढला. "कसलं दुखणं घेऊन कुठं शिरता? दाराला हात लावू नको."

तिनं चौकटीवरचा हात काढला. म्हणाली, "मला काय बी न्हाई झालेलं, भाऊसाहेब. हे बघा." आणि दोन्ही हात पुढं करून दाखवले. मग पाणी मागितलं. चालत आली होती. मी आतल्या बाजूला बघून म्हणालो, "पुढच्या चौकात टँकर उभा असतो."

ती गेली. मागून चप्पल न घालताच महानंदा पळत गेली, हातात तांब्या घेऊन. पाहुण्यांसमोर! तासाभरानं परत आली. विचारलं तर म्हणाली, "अर्ज लिहून दिला. कसा लिहायचा ते मला येतं, अप्पा. तुमचीच मुलगी आहे."

तारीख ठरली नाही. चन्नबसप्पा म्हणाले की घरी विचारून कळवतो. जाताना त्यांनी हात धरला नाही, लांबूनच नमस्कार केला.

त्यांना कळलं. त्या बाईनं घात केला.

३१ मे

उदगीरहून कार्ड. "मुलाचा यंदा विचार नाही. क्षमस्व."

दोन ओळी. दिवसभर काही सुचलं नाही. वीस वर्षं त्या माणसाच्या अंगावर होतं, त्याचं तो निस्तरत होता. मला त्यात ओढायचं काय कारण होतं? मी त्याचं काय वाईट केलं होतं? एका जागेवरून दुसऱ्या जागेवर बदली, एवढंच. सरकारी नोकरीत कुणाची होत नाही?

१ जून

रुद्राणीला म्हणालो की शेषेरावच्या बायकोमुळं पोरीचं लग्न मोडलं. ती ज्वारी निवडत होती. सूप खाली ठेवलं.

म्हणाली, "तिच्यामुळं न्हाई मोडलं."

"मग? तिनंच तर सगळं बाहेर काढलं."

"बाहेर काय काढायचं होतं? त्यांना पाडव्यालाच ठाऊक होतं. मीच सांगितलं नीलाबाईला. पोरगी द्यायची तर झाकून कशाला द्यायची? म्हटलं, आमच्या घरातल्या माणसाला कोड फुटलंय, तुम्हाला चालत असंल तर पुढं बोलू."

तुला कधी कळलं, एवढंच विचारलं.

"संक्रांतीच्या आधीच. नवऱ्याच्या मनगटावर काय हाय ते बायकोला कळत न्हाई व्हय? तुम्ही सांगंना, म्हणून मीबी बोलले न्हाई. म्हटलं, सांगतील जवा वाटंल तवा." मग म्हणाली, "नीलाबाईच्या सासूला व्हतं कोड. चन्नबसप्पांच्या आईला. तिच्या हातचं खाऊनच ते वाढले. ते म्हणले, आम्हाला त्याचं काय बी न्हाई."

"मग आता काय झालं?"

"त्या दिवशी निघताना अंगणात म्हणले मला. 'ताई, उन्हात आलेल्या बाईला पाणी न देता दारातून हाकललं. ह्या घरात सोयरीक करायला मन घेत न्हाई.'"

हे खरं असणं शक्य नाही. रुद्राणी माझं मन राखायला, का दुखवायला, काहीतरी जुळवून सांगते आहे. आडत्याच्या घरातली माणसं एका शिपायाच्या बायकोसाठी चांगली सोयरीक मोडतील? मी पंचवीस वर्षं नोकरी केली आहे, लोक कसे असतात ते मला माहीत आहे. लोक असं कधी करत नाहीत. डाग बघितला, भ्याले, आणि आता मोठेपणाचं निमित्त सांगतात.

महानंदा माझ्याशी बोलत नाही. ताट वाढते, समोर ठेवते आणि उठून जाते.

३ जून

ऑफिसात आज अवधूतनं आपली खुर्ची थोडी सरकवली. पंख्याचं वारं लागत नाही म्हणे. पंखे अजून बसलेलेच नाहीत.

५ जून

रविवार. शेषेरावच्या अर्जावर त्याची सही राहिली होती आणि सोमवारी तो पुढं पाठवला नाही तर त्याची गैरहजरी पक्की होणार. सही नाही म्हणून ऑफिसानं केवळाबाईला परत दिलेला तो कागद महानंदानं माझ्या टेबलावर, चष्म्याखाली ठेवला होता. म्हणून गेलो. रुद्राणी म्हणाली, "संध्याकाळी जा की." पण संध्याकाळी गल्लीत माणसं बसलेली असतात. भर दुपारी निघालो.

त्याचं घर गावाच्या पार टोकाला, पत्र्याची एक खोली. दवाखान्यातून सोडून दोन दिवस झाले होते. मला बघून उठून बसला. वाळला आहे.

"या, भाऊसाहेब. केवळा टँकरच्या रांगंत गेलीय. उन्हात कशाला आलात?"

मी म्हणालो, सही राहिली होती. मग मी म्हणालो की ती टिपणी मला लिहायला लावली होती. रावसाहेबांचा हुकूम होता, सगळ्यांच्या सह्या होत्या.

"ठावं हाय मला," तो म्हणाला. "वरली सही तुमची हाय म्हणून सांगितलं अवधूतनं."

त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला काही बोलता आलं असतं. मी पत्र्याकडं बघत बसलो. खूप तापला होता. बोलताना माझी जीभ टाळूला चिकटत होती. त्यानं ते बघितलं असावं. नऊ वर्षं कुणाला कधी तहान लागते हे बघणं हेच त्याचं काम होतं.

तो उठला, कोपऱ्यातल्या माठातलं पाणी फुलपात्रात घेतलं आणि दोन्ही हातांनी धरून माझ्यापुढं आणलं.

मी त्याचे हात बघितले. पट्ट्या काढलेल्या होत्या. भाजल्या जागी नवी कातडी आली होती, ओलसर, गुलाबी, मधे पांढरी. फुलपात्राच्या काठाला त्याचा अंगठा लागला होता. माझा डावा हात गुडघ्यावर होता, घामानं कात उतरलेला. तोही त्याच रंगाचा. मला तहान लागली होती. पाणी स्वच्छ होतं.

माझा हात पुढं झाला नाही.

मी म्हणालो, "आत्ताच पिऊन निघालो."

"हाव," तो म्हणाला. पाणी परत माठात ओतलं नाही, बाहेर टाकलंही नाही. माझ्यासमोर खाली बसून तो ते सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत स्वतः प्याला. फुलपात्र पालथं घातलं.

"कुठं करायची सही?" त्यानं विचारलं.

बोटं वाकत नव्हती. सहीला बराच वेळ लागला. तोवर मी दाराकडं बघत उभा होतो.

घरी आलो आणि उभ्या उभ्या दोन तांबे पाणी प्यालो. तहान फार लागली होती.